मेनू प्रत्येक ब्राऊझरमध्ये वेगळा का दिसतो? सांगली-मिरजेतून वारंवार येणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड भागात पतसंस्था, शाळा, दवाखाने, हळद-बेदाण्याचे व्यापारी यांच्या वेबसाइट बनवणारी बरीच मंडळी एकट्याने किंवा दोघातिघांत काम करतात. मॅक नसतो, टेस्टिंगला वेगळा माणूस नसतो आणि तक्रार मात्र चेअरमनसाहेबांच्या आयफोनवरून येते. अशा मंडळींकडून आणि साइटच्या मालकांकडून मेनूबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. कोडमधले शब्द देवनागरीत दिलेत. फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

कोड एकच, सर्व्हर एकच. मग मेनू क्रोममध्ये सरळ आणि सफारीत वाकडा कसा?

एचटीएमएल (पानात काय आहे) आणि सीएसएस (ते कसं दिसावं) वाचून स्क्रीनवर पान उभं करणारा भाग म्हणजे ब्राऊझरचं इंजिन. आज वापरात असलेली मोठी इंजिनं तीनच: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातलं ब्लिंकही २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून वेगळं झालं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, नेला. ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हेही त्याच घराण्यातले.

तिन्ही इंजिनं एकच मानक पाळतात, आणि हल्ली बऱ्यापैकी इमानदारीने पाळतात. घोळ होतो तो आपण न लिहिलेल्या गोष्टींमुळे. फॉर्ममधला रकाना कोरा सोडला की खिडकीतला कारकून आपल्या अंदाजाने भरतो, तसं सीएसएसमध्ये जे सांगितलं नाही ते ब्राऊझर आपल्या मनाने भरतो. यादीला डावीकडे ४० पिक्सेल पॅडिंग, बॉडीला चारी बाजूंनी ८ पिक्सेल मार्जिन, बटणाला स्वतःचाच फॉन्ट आणि स्वतःचीच किनार: हे सगळं ब्राऊझरच्या घरच्या स्टाइलशीटमधून येतं. पूर्वी तर यादीची ही डावी जागा काही ब्राऊझर मार्जिनमधून द्यायचे आणि काही पॅडिंगमधून. त्यामुळे नुसतं पॅडिंग शून्य केलं की एकीकडे मेनू कडेला चिकटायचा आणि दुसरीकडे होता तिथेच राहायचा.

मेनूची कुठलीही तक्रार आली की "ब्राऊझरमध्ये बग आहे" म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं, आपण काय लिहायचं सोडलंय? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात दिसेल.

ग्राहकाला "सगळ्या ब्राऊझरमध्ये हुबेहूब सारखं दिसेल" असं कोटेशनमध्ये लिहून द्यावं का?

अजिबात नको. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची पद्धत विंडोज, मॅक आणि अँड्रॉइडची वेगवेगळी आहे; ती तुमच्या हातात नाही. लिहून द्यायचं ते असं: प्रत्येक लिंक दिसेल, वाचता येईल, बोटाने आणि कीबोर्डने दाबता येईल, एकावर एक चढणार नाही. ब्राऊझरची आणि आवृत्त्यांची नावंही कोटेशनमध्येच टाका. नंतरची निम्मी हुज्जत तिथेच संपते.

मग नेमकं कशा-कशावर तपासायचं?

नावं मोजू नका, इंजिनं मोजा. अँड्रॉइडवरचा क्रोम, विंडोजवरचा क्रोम किंवा एज, आयफोनची सफारी आणि फायरफॉक्स एवढ्यात तिन्ही इंजिनं येतात. त्याशिवाय आपल्या भागात सॅमसंगचे फोन भरपूर असल्याने सॅमसंग इंटरनेट एकदा उघडून बघावा, कारण त्याच्या डार्क मोडची तऱ्हा वेगळी आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून आलेली लिंक त्या ॲपच्या पोटातल्याच ब्राऊझरमध्ये उघडते; दुकानदाराची जाहिरात तिथे चालत असेल तर तिथूनही एकदा बघा.

आयफोनवर क्रोम टाकून तपासलं तर चालेल ना?

तो क्रोम नावापुरताच. आपल्याकडे आयफोनवरचा प्रत्येक ब्राऊझर आतून वेबकिटच वापरतो, मग चिन्ह क्रोमचं असो की फायरफॉक्सचं. म्हणजे सफारीची चाचणी झाली, ब्लिंकची नाही. उलट बाजूने, "आयफोनवर सफारीत बिघडतंय, क्रोमवर बघा" हा सल्ला ग्राहकाला देऊ नका. तिथेही तेच दिसणार.

नवा मेनू करताना सुरुवात कुठून करावी?

पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी. ती राहिली किंवा तिच्या आधी काहीबाही छापलं गेलं, तर ब्राऊझर जुन्या काळच्या क्वर्क्स मोडमध्ये जातो आणि मापं वेगळ्या नियमांनी मोजायला लागतो. दुसरं, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग. तो नसेल तर आयफोन पान ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि अख्खी साइट लहान करून दाखवतो. मेनू मुंगीएवढा दिसतो.

मग रीसेट, म्हणजे ब्राऊझरच्या घरच्या मापांची सफाई. एरिक मेयर यांनी २००७ च्या सुमारास दिलेली रीसेट फाइल सगळंच शून्यावर आणायची. नंतर आलेली नॉर्मलाइझ फाइल फक्त फरक मिटवायची. आज दोन्ही जशाच्या तशा घ्यायची गरज उरलेली नाही. मेनूपुरतं बघायचं तर सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (रुंदीतच पॅडिंग आणि किनार धरायची), यादीला मार्जिन, पॅडिंग शून्य आणि लिस्ट-स्टाइल नन, आणि बटणाला फॉन्ट इनहेरिट. शेवटचं हमखास राहतं. मग लिंकांचा फॉन्ट एक आणि "अधिक" लिहिलेल्या बटणाचा फॉन्ट भलताच असा मेनू तयार होतो.

मेनू नॅव्ह टॅगमध्येच ठेवा. लिस्ट-स्टाइल नन केलं की सफारी त्या यादीला यादी म्हणून वाचणं सोडून देते आणि दृष्टिहीन माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या व्हॉइसओव्हरला "नऊ गोष्टींची यादी" असं कळत नाही. नॅव्हच्या आत असेल तर मात्र कळतं.

इंग्रजी मेनू एका ओळीत बसतो. तोच मराठीत केला की दोन ओळी होतात, तेही कुणाकडे होतात, कुणाकडे नाही. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इंग्रजीतल्या शिकवण्यांमध्ये याचं उत्तर मिळत नाही.

एखाद्या पतसंस्थेचा मेनू घ्या: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, संचालक मंडळ, ठेव योजना, कर्ज योजना, शाखा, वार्षिक अहवाल, छायाचित्रे, संपर्क. थीममध्ये फॉन्ट लावलाय रोबोटो किंवा ओपन सॅन्स. या दोन्हींत देवनागरी अक्षरंच नाहीत. ब्राऊझर गुपचूप त्या मशीनवरचा देवनागरी फॉन्ट उचलतो. विंडोज १० वर तो निर्मला यूआय असतो, विंडोज ७ वर मंगल, अँड्रॉइडवर बहुधा नोटो सॅन्स देवनागरी, ॲपलवर कोहिनूर देवनागरी. प्रत्येकाची अक्षररुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. नऊ शब्दांत थोडा थोडा फरक साठत जातो आणि "संपर्क" खालच्या ओळीत घसरतो. इथे ब्राऊझरचा दोष नाही. फॉन्टचा रकाना मराठीपुरता कोरा राहिला होता.

म्हणून देवनागरी असलेला वेबफॉन्ट स्वतः द्या. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, नोटो सॅन्स देवनागरी हे सगळे मोफत आहेत आणि मेनूच्या आकाराला चांगले वाचता येतात. फाइल वॉफ-२ प्रकारची, आणि तुम्ही वापरता तेवढ्याच जाडीच्या. मेनू ठळक ठेवलाय पण ठळक जाडीची फाइल दिलेली नाही, असं झालं की ब्राऊझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटा ठळकपणा आणतो. तो प्रत्येक इंजिनात वेगळा निघतो आणि "ष्ठ", "द्ध" सारखी जोडाक्षरं भरून येतात.

दुसरं कारण स्क्रीनचं. लॅपटॉप १९२० पिक्सेलचा असला तरी विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के असेल तर ब्राऊझरला रुंदी मिळते १५३६, आणि १५० टक्के असेल तर १२८०. तुमच्या मोठ्या मॉनिटरवर आरामात बसलेला मेनू मॅनेजरच्या टेबलावर फुटतो तो यामुळे. १३६६ रुंदीचे लॅपटॉपही अजून पुष्कळ कचेऱ्यांत आहेत.

हे धरून मेनू असा बांधायचा: प्रत्येक लिंकला व्हाइट-स्पेस नो-रॅप द्यायचा, म्हणजे "संचालक" वर आणि "मंडळ" खाली असं होत नाही. मोबाइलचा तीन रेघांचा मेनू कुठल्या रुंदीला आणायचा हे आयपॅडच्या मापावरून ठरवू नका. खिडकी हळूहळू अरुंद करत जा, मेनू दाटायला लागला की त्याच्या थोडं आधीचं माप घ्या. मग अक्षराचा आकार तात्पुरता २० टक्के वाढवून बघा. तेवढं सहन करणारा मेनू कुठल्याही फॉन्टला पुरून उरतो.

आणि शब्द कमी करा. "आमच्याविषयी"ऐवजी "संस्था" चालतं. ठेव आणि कर्ज "योजना"खाली जातात. "छायाचित्रे" वरच्या पट्टीत का हवीत, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. पण संचालकांच्या बैठकीत प्रत्येकाला आपली लिंक वर हवी असते, आणि ते काम सीएसएसच्या आवाक्यातलं नाही.

मेनूत वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. फक्त काही मशीनवर.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, नॉर्मल ठेवली असेल तर ती फॉन्ट ठरवतो. ती इंग्रजीच्या हिशेबाने १ किंवा १.२ अशी आवळली असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार डब्याबाहेर जातात. त्यात कुणी ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेरचं लपव) टाकलेलं असलं की ते छाटले जातात. "वार्षिक" मधला रफार आणि "मुखपृष्ठ" मधला ऋकार बघा, लगेच कळेल. देवनागरी मेनूला लाइन-हाइट १.५ ते १.७ च्या दरम्यान, आकड्यात, स्वतः लिहून द्या. पट्टीची उंचीही पिक्सेलमध्ये जखडू नका. वर-खाली पॅडिंग द्या आणि उंची आपोआप ठरू द्या.

याच जातीची आणखी एक खोड म्हणजे लेटर-स्पेसिंग. इंग्रजी थीममध्ये मेनूला एखादा पिक्सेल अक्षरांतर दिलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. मराठी मेनूला ते शून्य करा. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठीची लिहा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे "ल" आणि "श" वेगळे ठेवलेले असतात. भाषा सांगितली तरच ते लागतात, नाहीतर हिंदी वळण येतं.

आमच्या जुन्या साइटवर मेनू माझ्या कॉम्प्युटरवर मराठीत दिसतो, बाकी सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

तो मजकूर युनिकोड नाही. डीटीपीच्या काळातल्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला आहे. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथेच मराठी दिसणार. मेनूचे शब्द थोडेच असतात, कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. युनिकोडमध्ये हाताने पुन्हा टाइप करा. सर्च इंजिनालाही साइट तेव्हाच वाचता येईल.

फ्लोट, इनलाइन-ब्लॉक, फ्लेक्स, ग्रिड. मेनूला काय वापरावं?

फ्लेक्स. आडव्या पट्टीसाठी दुसरं काही शोधायची आज गरज नाही.

फ्लोटच्या मेनूत पट्टीची उंची शून्य व्हायची आणि क्लिअरफिक्सचे ठिगळ लावावं लागायचं. इनलाइन-ब्लॉकमध्ये कोडमधली मोकळी जागा किंवा नवी ओळ ही प्रत्यक्ष रिकामी जागा म्हणून छापली जाते, साधारण चार पिक्सेलची, आणि तीही फॉन्टप्रमाणे बदलते. तरी जुन्या साइट उघडल्या की हे दोन्ही भेटतात. चालू साइटमध्ये नुसती पट्टी बदलायची असेल तर बाकी काही न हलवता तेवढी फ्लेक्स करून टाका.

फ्लेक्समध्ये एक खाच आहे. लिंकांमधलं अंतर गॅपने दिलं तर ते सफारीत १४.१ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून चालतं. आयफोन ६ हा आयओएस १२ च्या पुढे जातच नाही. अशा फोनवर सगळे शब्द एकमेकांना चिकटून "शाखासंपर्क" असं दिसतं. इथे सपोर्ट्सची अटही (ब्राऊझरला अमुक येतं का, असं सीएसएसमधून विचारणं) कामाला येत नाही, कारण गॅप हा शब्द त्या सफारीला ग्रिडसाठी ठाऊक असतो आणि ती "हो, येतं" म्हणून मोकळी होते. जुने फोन धरायचे असतील तर गॅपऐवजी लिंकला आडवं पॅडिंग द्या. एरवीही तेच बरं, बोट टेकवायला जागा मोठी मिळते.

शाखेत अजून विंडोज ७ आहे. तिथे नवा मेनू पार उघडा पडतो.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर जे आलं ते तिथे नाही. सीएसएसमध्ये नियमाच्या आत नियम लिहायची सोय, म्हणजे नेस्टिंग, क्रोम ११२ पासून आहे. नव्या उमेदीच्या मुलांनी मेनूची अख्खी सीएसएस नेस्टिंगमध्ये लिहिलेली असते. १०९ ला आतले नियम समजत नाहीत आणि मेनू टिंबांची उभी यादी होऊन बसतो. उपाय सोपा आहे. बिल्ड करताना नेस्टिंग सपाट करणारं साधन लावा, किंवा मेनूपुरती तरी सीएसएस साध्या पद्धतीने लिहा. शाखेतली मशीन बदलायला सांगणं हाही उपाय आहे, पण त्याला ठराव लागतो.

इंटरनेट एक्सप्लोररसाठी काही करावं का?

नाही. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला त्याचा आधार काढला. "१०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसेल" ही तळटीपही काढून टाका.

ड्रॉपडाउन कॉम्प्युटरवर झकास उघडतो. फोनवर कुणाकडे उघडतो, कुणाकडे सरळ दुसरं पानच येतं.

कारण तुमचा ड्रॉपडाउन हॉव्हरवर, म्हणजे माउस वर नेण्यावर, टांगलेला आहे आणि बोटाला हॉव्हर नसतो. प्रत्येक ब्राऊझर त्यावर आपला तोडगा काढतो. आयफोनची सफारी पहिल्या टॅपला हॉव्हर समजते, सबमेनू दाखवते आणि दुसऱ्या टॅपला लिंक उघडते. अँड्रॉइडवरचा क्रोम साधारणपणे पहिल्याच टॅपला लिंकवर जातो. म्हणजे "योजना"वर टॅप केलं की एकाला यादी दिसते आणि दुसरा थेट योजनांच्या पानावर पोचतो. दोघेही तुम्हाला फोन करून परस्परविरोधी तक्रार सांगतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

याला पळवाट नाही: ज्याने यादी उघडते ते बटण असावं आणि ज्याने पान उघडतं ती लिंक असावी. "योजना" हे बटण. ते दाबलं की छोट्याशा जावास्क्रिप्टने यादी उघड-बंद होते आणि एरिया-एक्सपांडेडची (यादी उघडी की बंद हे पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला सांगणारी खूण) किंमत खरं-खोटं बदलते. योजनांचं मुख्य पान हवंच असेल तर यादीत पहिली ओळ "सर्व योजना" अशी ठेवा. माउसवाल्यांना हॉव्हरचं सुख द्यायचं असेल तर ते फक्त हॉव्हर करू शकणाऱ्या उपकरणांसाठी असलेल्या मीडिया क्वेरीच्या आत लिहा.

जावास्क्रिप्ट टाळून फोकसवर, म्हणजे बटण निवडलं गेलं की, मेनू उघडायची युक्ती इंटरनेटवर ठिकठिकाणी दिसते. ती क्रोममध्ये चालते. सफारी मात्र बटणावर क्लिक केल्यावर त्याला फोकस देतच नाही, त्यामुळे मॅकवर ते बटण मेल्यासारखं वागतं. ज्याच्याकडे मॅक नाही त्याला हे महिनोन्महिने कळत नाही. तसंच मॅकवरची सफारी मूळ सेटिंगमध्ये टॅब कीने लिंकांवर जात नाही, ऑप्शन धरून टॅब दाबावं लागतं. तिथे तुमचा मेनू बिघडलेला नसतो, सेटिंग तशी असते.

सबमेनू खालच्या स्लायडरच्या मागे लपतो. झेड-इंडेक्स ९९९९९ केला तरी!

झेड-इंडेक्स म्हणजे कोण वर, कोण खाली हे ठरवणारा आकडा; तो नुसता वाढवून उपयोग नाही. पट्टीला किंवा तिच्या एखाद्या पूर्वजाला (तिला वेढणाऱ्या बाहेरच्या घटकाला) ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी दिली की तिथे नवा थर तयार होतो, आणि आतला ९९९९९ हा त्या थराच्या आतच मोजला जातो. हेडरलाच पोझिशन रिलेटिव्ह आणि साधा १० झेड-इंडेक्स द्या, स्लायडर त्याच्या खाली ठेवा. ॲनिमेशन प्लगइन ट्रान्सफॉर्म चिकटवून जातात. आधी तिथे बघा.

स्टिकी मेनू (पान सरकलं तरी वर राहणारा) वर चिकटत नाही.

त्याच्या एखाद्या पूर्वजाला ओव्हरफ्लो हिडन आहे. आडवा स्क्रोल लपवायला कुणीतरी आवरणाला तो लावलेला असतो. आडवा स्क्रोल आला होता तो बहुधा रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिल्यामुळे: विंडोजवर स्क्रोलबार जागा खातो आणि १०० व्हीडब्ल्यू त्या जागेसकट मोजली जाते, तर मॅकवर स्क्रोलबार सहसा तरंगता असतो म्हणून तिथे काहीच होत नाही. रुंदी १०० टक्के करा, ओव्हरफ्लो काढा, स्टिकी आपोआप चालू होईल. टॉपची किंमत लिहिली आहे ना, तेही बघा.

मोबाइलवर पूर्ण स्क्रीनचा मेनू उघडतो, पण शेवटची लिंक खालच्या पट्टीमागे जाते.

कारण १०० व्हीएच, म्हणजे स्क्रीनची पूर्ण उंची. फोनवर ती उंची ॲड्रेस बार लपलेला धरून मोजली जाते. बार दिसत असताना मेनू स्क्रीनपेक्षा उंच होतो आणि "संपर्क" खाली बुडतो, म्हणजे नेमकी तीच लिंक जी लोकांना हवी असते. आधी १०० व्हीएच लिहा, लगेच खालच्या ओळीत १०० डीव्हीएच, जी बारप्रमाणे बदलते. नवे ब्राऊझर दुसरी ओळ घेतात. सफारीत ती १५.४ पासून, क्रोममध्ये १०८ पासून आहे. जुने पहिलीवर थांबतात. मेनूला ओव्हरफ्लो-वाय ऑटोही द्या, म्हणजे फोन आडवा धरला तरी खाली सरकता येतं.

हेडरमधला फोन नंबर आयफोनवर निळा आणि अधोरेखित होतो.

सफारी आकडे बघून स्वतःच लिंक करते. नंबर तुम्हीच टेल लिंकमध्ये (दाबली की फोन लावणारी) टाका आणि रंग द्या. ०२३३ ऐवजी देशाच्या कोडसकट लिहा, बाहेरगावच्या माणसालाही लागेल.

रात्री साइट उघडली की लोगो गायब आणि मेनू काळा.

काही ब्राऊझर, विशेषतः सॅमसंग इंटरनेट, डार्क मोडमध्ये साइटचे रंग जबरदस्तीने उलटवतात. पारदर्शक पीएनजीवर काळ्या अक्षरांचा लोगो असेल तर तो काळ्या पट्टीत विरून जातो. लोगोच्या चित्रातच फिकट पार्श्वभूमी किंवा अक्षरांभोवती बारीक पांढरी कड ठेवा. साइट उजेडाची की अंधाराची हे सांगणारी कलर-स्कीम जाहीर करा. पूर्ण ताबा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती वाचणाऱ्याची निवड आहे.

एका ग्राहकाला मेनूत भलतेच शब्द दिसतात, आम्ही लिहिलेच नाहीत असे.

ब्राऊझरचं भाषांतर चालू आहे. मराठी पान इंग्रजीत, मग इंग्रजी शब्द लांबीला वेगळे, म्हणून पट्टीही हललेली. पानाची भाषा चुकून इंग्रजी लिहिलेली असते तेव्हा हे वाढतं. संस्थेच्या नावाला ट्रान्सलेट नो लावा, नाहीतर "कृष्णा" नावाच्या दूध संस्थेचं इंग्रजीत काय होईल सांगता येत नाही. बाकी मेनूचं भाषांतर होऊ द्या. कुणाला तरी ते लागत असेल.

ब्राऊझर ओळखून प्रत्येकाला वेगळी सीएसएस द्यावी का?

नको. प्रत्येक ब्राऊझर स्वतःची ओळख सांगताना खोटं बोलतो. क्रोमच्या ओळखपत्रात मोझिला, गेको आणि सफारी ही तिन्ही नावं असतात, जुन्या काळी साइटींनी दारातून परत पाठवू नये म्हणून घातलेली. ब्राऊझर कोण हे विचारण्यापेक्षा त्याला काय येतं हे सपोर्ट्सने विचारा. त्याआधी साधा, कुठेही चालणारा नियम लिहिलेला असू द्या.

मी बदल केला, मला दिसतो. ग्राहकाला जुनाच मेनू दिसतो.

कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत. त्यांच्या ब्राऊझरची, वर्डप्रेस प्लगइनची किंवा होस्टिंगची. सीएसएस फाइलच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा लावा आणि प्रत्येक बदलाला तो वाढवा. ग्राहकाला "हिस्टरी क्लिअर करा" सांगू नका, त्यात सगळीकडची लॉगिन सुटू शकतात आणि पुढचा आठवडा तुम्हाला फोन येत राहतात.

मॅक नाही, आयफोन नाही. सफारीत तपासायचं कसं?

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये "आयफोन" निवडणं म्हणजे फक्त खिडकीचा आकार बदलणं. आत इंजिन ब्लिंकच राहतं. विंडोजसाठीची सफारी ५.१.७ वर २०१२ मध्ये थांबली, ती कुठून डाउनलोड करून बसू नका. प्लेराइट हे मोफत साधन विंडोजवर वेबकिट चालवून देतं. मांडणीतल्या बहुतेक चुका त्यात दिसतात. लिनक्स असेल तर ग्नोमचा ब्राऊझरही वेबकिटवर चालतो. मुंबईत सुरू झालेली ब्राऊझरस्टॅक ही सेवा खरे फोन लांबून वापरायला देते, पैसे लागतात. आणि विश्रामबागेत किंवा मिरजेत ओळखीचा मोबाइलवाला असेल तर त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या नाही, विकायला ठेवलेल्या फोनवर पाच मिनिटं मिळतात. अँड्रॉइडसाठी यूएसबी केबल लावून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधला मेनू कॉम्प्युटरवर उघडून बघता येतो. हे न करता फोनवर अंदाजाने पिक्सेल हलवत बसणारे खूप बघितलेत.

वर्डप्रेसच्या तयार थीममध्ये हे सगळं झालेलं नसतं का?

बरंचसं झालेलं असतं, फक्त मराठीचं नाही. फॉन्ट, लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंग चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आपले बदल ठेवायची जागा) बदला. मेनूसाठी थीमशिवाय वेगळं प्लगइन टाकलंत तर दोघांची सीएसएस भांडते आणि एकमेकांवर मात करायला इंपॉर्टंटची माळ लागते. एकच ठेवा.

सगळ्या ब्राऊझर कंपन्या एकदाचं एकसारखं का करून टाकत नाहीत?

करतायत. २०२२ पासून ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट मिळून दरवर्षी इंटरऑप नावाने काही सोयी निवडतात आणि त्या सगळीकडे सारख्या चालतील असं बघतात. एखादी सोय सगळ्या मुख्य ब्राऊझरांत आली की तिला बेसलाइनचा शिक्का मिळतो, आणि त्यानंतर ३० महिने गेले की ती "सर्वत्र उपलब्ध" धरली जाते. नवीन काही मेनूत घालण्याआधी हा शिक्का बघून घ्या. पतसंस्थेच्या साइटला ३० महिन्यांचा शिक्का, कॉलेजच्या गॅदरिंगच्या साइटला काहीही चालेल.

ग्राहकाचा फोन: "मेनू बिघडलाय, लगेच या." आधी काय विचारावं?

पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट मागा, कापलेला नको. वरचा ॲड्रेस बार दिसला की ब्राऊझर कोणता ते कळतं. फोन की कॉम्प्युटर, आणि लिंक कुठून उघडली, तेही विचारा. फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलीत का हे ज्येष्ठ संचालकांना जरा अदबीने विचारा, बऱ्याच जणांनी केलेली असतात, आणि तो मेनू त्यांच्याकडेही नीट दिसलाच पाहिजे. कॉम्प्युटर असेल तर निघण्याआधी कंट्रोल आणि शून्य एकत्र दाबायला सांगा. पुष्कळदा झूम ११० टक्क्यांवर असतो आणि माधवनगरपर्यंतची चक्कर वाचते.